एकट्याला न येणाऱ्या गोष्टी

२००६ साली नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत तासाला २० रुपये देऊन मी लाकडं तोडत बसायचो. गेमचं नाव रूनस्केप. तो ब्राउझरमध्येच चालायचा, संगणकावर काही टाकावं लागायचं नाही, त्यामुळे कॅफेवाल्याची ना नसायची. त्या जगात ड्रेनॉर नावाचं एक गाव आहे. गावाच्या बँकेपासून चार पावलांवर, पाण्याच्या काठाने विलोची झाडं आहेत. क्रिकेटची बॅट होते तेच हे लाकूड. झाडावर एकदा क्लिक केलं की आपलं पात्र आपणहून कुऱ्हाड चालवत राहतं. सामानाचे २८ खण भरले की ओंडके बँकेत टाकायचे आणि पुन्हा झाडाशी यायचं.

एवढ्याशा कामाला तिथे कायम दहा-पंधरा जण असायचे आणि गप्पांना खंड नसायचा. कुणी ब्राझीलचा, कुणी पोलंडचा. कुणाची परीक्षा जवळ आलेली, कुणाची आई दवाखान्यात. इंग्रजी बोलायची माझी भीती त्या झाडांखाली गेली. उलट त्याच गेममध्ये राक्षस मारायला जमलेली माणसं एकमेकांशी चकार शब्द काढायची नाहीत. झाडाखाली मनमिळाऊ लोक आणि राक्षसापाशी तुसडे, असं काही नव्हतं. बऱ्याचदा ती माणसं तीच असायची.

हे कोडं मला सुटलं ते पिंपळगावला, मामांच्या द्राक्षबागेत. गोडी छाटणीनंतर मणी धरले की विरळणी येते. घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचे. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळीतल्या बायका हे काम करत होत्या. हाताला सवय झालेली, नजर घडावर, आणि तोंड मोकळं. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गोष्टी चालल्या होत्या, मध्येच गाणं, मध्येच कुणाच्या लग्नाची बोलणी. त्याच बागेत ट्रॅक्टरवर ब्लोअर घेऊन औषध मारणारा माणूस दिवसभर एकटा. तो अबोल नव्हता, संध्याकाळी चहाला बसला की तोच सगळ्यांत जास्त बोलायचा. त्याच्या कामात बोलायला जागा नव्हती, एवढंच.

विलोचं झाडही तसंच. मिनिटाला एखादा क्लिक, शेजारी बँक, आणि तेच झाड तोडणारे इतर. राक्षसापाशी सगळं लक्ष स्वतःच्या जिवाकडे, आणि वर शेजारचा माणूस आपला राक्षस पळवील ही धास्ती. ऑनलाइन गेममधली माणसं कशी वागतात याचं उत्तर आपण त्यांच्या स्वभावात शोधतो. मला वाटतं, स्वभाव नंतर येतो. त्याआधी गेम बनवणाऱ्याने काही गोष्टी ठरवून टाकलेल्या असतात: एका पात्राला काय काय शिकता येईल, ते शिकायला काय करावं लागेल, आणि काय कधीच शिकता येणार नाही. या नियमांच्या जाळ्याला कौशल्यप्रणाली म्हणतात. दिसायला तो आकड्यांचा तक्ता असतो. पण कोण कुणाला हाक मारणार, हे त्या तक्त्यावरच ठरतं.

क्लास आणि कौशल्य

यातले दोन मुख्य प्रकार आधी समजून घेऊ. पहिला क्लासचा. इथे क्लास म्हणजे पात्राचा पेशा. योद्धा, वैद्य, जादूगार, चोर असा एक पेशा सुरुवातीलाच निवडायचा आणि तो जन्माला चिकटतो. पुढे लेव्हल वाढते तशी त्या पेशाची सामर्थ्यं मिळत जातात. ही कल्पना संगणकाआधीची आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा खेळ काढला, त्यातून ती पुढे सगळीकडे गेली. टेबलाभोवती चार-पाच मित्र बसणार, तर प्रत्येकाच्या वाट्याला वेगळं काम यावं, ही त्यामागची साधी गरज.

दुसरा प्रकार सुट्या कौशल्यांचा. पेशा वगैरे काही नाही. लोहारकाम, मासेमारी, तलवारबाजी, स्वयंपाक अशी कौशल्यं असतात आणि जे काम कराल ते वाढतं. तुम्ही कोण आहात, हे तुम्ही रोज काय करता यावरून ठरतं.

१९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड नावाचं, अनेकांनी एकाच वेळी खेळायचं जग उभं केलं. त्यात नुसता मजकूर होता, चित्र एकही नाही. याच बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: यश मिळवणारे, शोध घेणारे, माणसं जोडणारे आणि दुसऱ्यांना मारणारे. ही मांडणी फार गाजली आणि ती उपयोगाचीही आहे. पण तिच्यामुळे लोक मूळचेच असे असतात असा समज पसरला, तो मला पटत नाही. माणसं जोडणाऱ्याला जोडण्याचं निमित्त न देणारं जग दिलं, तर तोही मुकाट्याने राक्षस मारत बसतो.

क्लास निर्दयपणे घट्ट केला तर काय होतं, ते पाहायचं असेल तर १९९९ च्या मार्चमध्ये आलेला एव्हरक्वेस्ट बघा. त्यात मेलात की कमावलेला अनुभव कमी व्हायचा. सामानासकट तुमचं प्रेत मेल्या जागी पडून राहायचं आणि तुम्ही दूर कुठेतरी उघडेवाघडे जिवंत व्हायचात. प्रेत शोधून सामान परत मिळवायचं. क्लेरिक या वैद्याने मंत्र घातला तर गेलेल्या अनुभवाचा मोठा भाग परत मिळे, पण क्लेरिकच हवा. लांबच्या प्रदेशात झटकन पोचवणं ड्रुइड आणि विझार्ड या क्लासनाच जमायचं. बहुतेक क्लासना थोड्या लेव्हलनंतर एकट्याने प्रगती करणं जवळपास अशक्य होतं.

याचा परिणाम असा की प्रत्येक सर्व्हरवर, म्हणजे गेमच्या जगाच्या एकेका प्रतीत, माणसाच्या नावाला किंमत आली. अर्ध्या रात्री प्रेतापर्यंत चालत येणारा क्लेरिक सगळ्यांना माहीत असायचा, आणि लूट घेऊन पळालेला योद्धाही. त्याला पुढे कुणी गटात घ्यायचं नाही. बाजारसुद्धा लोकांनीच बसवला. ईस्ट कॉमन्लँड्स नावाच्या प्रदेशात एक बोगदा होता, तिथे विक्रेते ओरडून माल विकायचे. गेममध्ये त्या बोगद्यावर 'बाजार' अशी पाटी नव्हती. नाशिकच्या रविवार कारंजा चौकात गर्दी जमते तशी ती जमली, येण्याजाण्याला सोयीची जागा म्हणून.

मग डिसेंबर २००१ मध्ये आलेल्या गेमच्या विस्तारात दुकान लावायची सरकारी, म्हणजे गेममधलीच, सोय आली आणि बोगदा ओस पडत गेला. २००२ मध्ये कुठूनही कुठे जाता येईल असे दरवाजे आले आणि ड्रुइडला विनंती करायची गरज उरली नाही. दोन्ही सोयी लोकांनीच मागितलेल्या होत्या. पुढे हे वारंवार घडताना दिसेल.

लोहाराच्या हातात दिलेलं चिलखत

दुसऱ्या प्रकारचा मोठा नमुना त्याहून थोडा आधीचा. सप्टेंबर १९९७ मध्ये आलेल्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये क्लास नव्हते. प्रत्येक कौशल्य शून्यापासून १०० पर्यंत वाढायचं, आणि सगळ्यांची बेरीज ७०० च्या वर जाऊ शकत नसे. यातली दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते. सात कौशल्यांत पूर्ण निष्णात व्हा, किंवा अधिक कौशल्यं थोडी थोडी शिका, पण सगळं काही येणार नाही. भीक मागणं, नकाशे काढणं, जनावरं माणसाळवणं ही सुद्धा त्यात कौशल्यं होती. आणि लोक खरोखर ती निवडत. लढाईचं एकही कौशल्य नसलेला, खाणीतून लोखंड काढून तलवारी घडवणारा माणूस तिथे सन्मानाने जगायचा, कारण लढणाऱ्याच्या ७०० गुणांत लोहारकामाला जागा उरत नसे.

१०० गाठलेल्या कारागिराने उत्तम वस्तू घडवली की तिच्यावर त्याचं नाव उमटायचं. आपल्या भांडी बाजारात तांब्या घेतला की त्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून देतात. तिथे घडवणाऱ्याचं नाव असायचं. त्यामुळे अमक्याची तलवार मागितली जायची. दुरुस्तीसाठी चिलखत लोहाराच्या हातात सोपवावं लागे, आणि तो ते घेऊन पळूनही जाऊ शकायचा. काही पळालेही. म्हणून जो पळत नसे त्याच्याभोवती गिऱ्हाईक जमायचं.

'जे कराल ते वाढेल' या नियमाची दुसरी बाजूही इथेच दिसली. मंत्राला प्रतिकार करण्याचं कौशल्य मंत्राचा मार खाल्ल्यानेच वाढतं म्हटल्यावर मित्रच एकमेकांवर तासन्‌तास मंत्र टाकत बसायचे. शिकारीला गेलेली माणसं आणि आकडा वाढवायला उभी असलेली माणसं यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसाच्या जागी छोटासा प्रोग्रामही उभा राहू शकतो, आणि लवकरच तसे प्रोग्राम उभे राहिले. जिथे कौशल्य नुसत्या पुनरावृत्तीने वाढतं तिथे शेजारचं पात्र माणूस आहे की यंत्र, ही शंका येते. ती शंका गप्पांना मारते.

नाचणाऱ्यांची खानावळ

आता ज्या गेमवर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे त्याकडे येतो. स्टार वॉर्स गॅलॅक्सीज, जून २००३. त्याची रचना रॅफ कॉस्टर यांच्या नेतृत्वाखाली झाली. अल्टिमा ऑनलाइनच्या जडणघडणीतही ते होते. मी हा गेम तो चालू असताना फार कमी खेळलो, त्याची महिन्याची वर्गणी तेव्हा आम्हाला परवडणारी नव्हती. त्याच्याबद्दल जे जाणलं ते बरंचसं नंतर. तरीही माणसं एकत्र राहावीत म्हणून इतका बारीक विचार केलेली दुसरी कौशल्यप्रणाली मला माहीत नाही.

प्रत्येक पात्राला २५० कौशल्यगुण. पेशे तीसहून जास्त. गुण घालून पेशाच्या पायऱ्या चढायच्या, नको झालं तर उतरायच्या आणि दुसरीकडे चढायच्या. सुरुवातीला एका सर्व्हरवर एका खात्याला एकच पात्र मिळे. इतर गेममध्ये लोक काय करतात, तर स्वतःचं दुसरं पात्र काढून त्यालाच लोहार करतात आणि स्वतःची गरज स्वतःच भागवतात. इथे ती वाट बंद होती. शिवाय वस्तू वापराने झिजायच्या. एकदा बंदूक घेतली की संपलं, असं नव्हतं, ती बनवणाऱ्याकडे परत जावंच लागे. कच्चा माल ग्रहावर काही दिवस एका जागी सापडायचा आणि मग संपायचा. त्या प्रतीचा माल पुन्हा तसाच मिळेल याची खात्री नसे. त्यामुळे चांगल्या धातूचा साठा करून ठेवणारा कारागीर वर्षभर नावाजलेला असायचा.

आणि मग नर्तक. लढून आलेल्या माणसाच्या मनाला जखमा व्हायच्या आणि अंगात थकवा साठायचा. तो औषधाने जात नसे. गावातल्या कँटीनात जाऊन नाच बघायचा, वादन ऐकायचं, तेव्हा तो उतरायचा. नाचणारी आणि वाजवणारी पात्रंही खेळाडूच होती, तो त्यांचा पूर्ण पेशा होता. आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. लढवय्या दमून येतो, त्याला काही मिनिटं बसून राहण्यावाचून पर्याय नाही. शेजारी दुसरा दमलेला बसलाय. समोर नाचणारी व्यक्ती दोघांशी बोलते आहे. शिंपी, शस्त्रकार, डॉक्टर सगळे गिऱ्हाईक शोधत तिथेच येतात. द्राक्षबागेतली विरळणी आणि विलोचं झाड जे करतं तेच ही खानावळ करत होती, पण इथे ते ठरवून केलेलं होतं.

त्याहून सुंदर एक नियम होता. कोणत्याही पेशात उस्ताद व्हायचं तर शेवटच्या पायरीला एक वेगळाच अनुभव लागायचा आणि तो फक्त दुसऱ्याला शिकवून मिळायचा. म्हणजे नवख्याला शिकवल्याशिवाय तुम्ही उस्ताद होऊच शकत नव्हता. नवखा माणूस जड ओझं वाटण्याऐवजी हवाहवासा झाला. नवीन आलेल्याला 'काही शिकायचं का?' म्हणून लोक विचारत फिरायचे. त्यामागे स्वार्थ होता, हे खरं. पण शिकवताना झालेली ओळख स्वार्थ संपल्यावर पुसली जात नाही.

हे सगळं दोन गोष्टींनी मोडलं. पहिली आतून. स्टार वॉर्सच्या विश्वात जेडाय, म्हणजे गूढ शक्ती लाभलेला योद्धा, होणं हे प्रत्येकाचं स्वप्न, आणि जेडाय कसं व्हायचं हे गुपित ठेवलेलं होतं. २००३ च्या अखेरीस होलोक्रॉन नावाच्या वस्तूंमधून उलगडलं, की ठरावीक पेशांमध्ये उस्ताद व्हायचं, आणि ते पेशे प्रत्येकासाठी वेगळे. झालं! ज्याला नाचाची काडीची आवड नाही तो नर्तक झाला, कारण त्याच्या यादीत नर्तक होता. कीबोर्डला मॅक्रो, म्हणजे कळा आपोआप दाबणारी युक्ती, लावून तो निघून जायचा. कँटीनात पात्रं नाचत होती आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. वर्षभर एक पेशा प्रेमाने जपलेल्या कारागिरांनी तो सोडला आणि यादीतला पुढचा धरला. एका बक्षिसाने साऱ्या गावाला आपला धंदा सोडायला लावला.

दुसरा घाव बाहेरून. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने पूर्ण प्रणालीच बदलली. तीसहून जास्त पेशांचे नऊ ठरावीक क्लास झाले, लढाई वेगवान केली, आणि जेडाय सुरुवातीपासूनच निवडता यायला लागला. प्राणी माणसाळवण्याचा पेशाच काढून टाकला. ज्यांनी महिनोन्‌महिने जनावरं वाढवली होती त्यांच्या हातात काही राहिलं नाही. हेतू नवे लोक यावेत हा होता. झालं असं की जुने मोठ्या संख्येने निघून गेले. १५ डिसेंबर २०११ ला गेम बंद झाला. नंतर चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून बदलाआधीची आवृत्ती स्वतःच्या बळावर पुन्हा उभी करायला घेतली. गेममध्ये नवीन चित्रं, नवीन ग्रह त्यांनी मागितले नाहीत. त्यांना ते २५० गुण परत हवे होते.

वेळ कुणाच्या हातात

एकमेकांची गरज हा एक भाग. कौशल्य वाढायला वेळ किती लागतो, हा दुसरा. यात दोन टोकांचे दोन गेम शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

तेव्हाच्या रूनस्केपमध्ये कौशल्याची लेव्हल ९९ पर्यंत जायची आणि त्यासाठी १,३०,३४,४३१ अनुभवगुण लागायचे. गंमत म्हणजे ९२ वी लेव्हल गाठलीत की तुम्ही बरोबर अर्ध्यावर असता. उरलेल्या सात लेव्हलना पहिल्या एक्क्याण्णव पायऱ्यांइतकेच कष्ट. विलोचा एक ओंडका ६७.५ गुण देतो. म्हणजे नुसते विलो तोडून ९९ गाठायचं तर जवळपास १ लाख ९३ हजार ओंडके. इतकं कुणी का करेल? कारण इतरांना दिसतं. २००६ पासून ९९ गाठलेल्याला त्या कौशल्याची खास शाल मिळते, पाठीवर मिरवायची. आणि ९९ चा क्षण लोक एकट्याने गाठत नाहीत. मित्रांना बोलावून, सगळे गोल उभे राहिल्यावर शेवटचा ओंडका तोडतात. जून २००६ मध्ये बांधकामात सर्वांत आधी ९९ गाठलेल्याने गेममधल्या आपल्या घरात अशीच मेजवानी ठेवली. गर्दीने सगळं अडखळायला लागलं, म्हणून त्याने सर्वांना बाहेर काढलं, आणि एका चुकीमुळे घरातल्या लढाईच्या रिंगणात असलेल्या काही जणांची मारण्याची परवानगी बाहेरही तशीच राहिली. त्यांनी फॅलाडोर शहरात भर रस्त्यात निःशस्त्र लोकांना मारलं. त्या दिवसाच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात.

मे २००३ मध्ये आइसलँडच्या सीसीपी कंपनीने काढलेला ईव्ह ऑनलाइन याच्या उलट. त्यात कौशल्य खऱ्या घड्याळावर वाढतं. शिकायला लावा आणि झोपायला जा, संगणक बंद असला तरी ते वाढतच राहतं. प्रत्येक कौशल्याच्या पाच पायऱ्या. सर्वांत सोप्या कौशल्याची पहिली पायरी २५० गुणांची, पाचवीपर्यंत पोचायला एकूण २,५६,०००. एकूण कष्टांतले ८० टक्क्यांहून जास्त एकट्या शेवटच्या पायरीत. म्हणजे चौथी पायरी बऱ्यापैकी लवकर मिळते आणि पाचवीला दिवस किंवा आठवडे.

यातून घडणारा समाज वेगळाच असतो. सुरुवातीची अनेक वर्षं रात्रंदिवस खेळून कुणी पुढे जाऊ शकत नसे, त्यामुळे नोकरीवाल्याला आणि विद्यार्थ्याला एकच वेग. पण २००३ मध्ये सुरू केलेल्याला नंतर सुरू करणारा कधीच गाठू शकत नसे, हेही तितकंच खरं. मग नवख्याने करायचं काय? तर लहान, स्वस्त जहाज घेऊन शत्रूच्या मोठ्या जहाजाला पळू न देणं, हे काम थोड्याच दिवसांच्या शिक्षणावर येतं आणि मोठ्या लढाईत ते लागतंच. म्हणून तिथले संघ नवख्यांना शोधतात. २००४ मध्ये खेळाडूंनी स्वतःच ईव्ह युनिव्हर्सिटी नावाची संघटना नवख्यांना शिकवण्यासाठी काढली, ती अजून चालू आहे. आकडा आपोआप वाढतो म्हटल्यावर, माणसाने मिळवायचं ते ज्ञान आणि विश्वास. त्या गेममधले गाजलेले दगाफटकेही त्यातूनच येतात. जिथे विश्वासाला किंमत असते तिथेच तो विकला जातो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये या गेममध्ये कौशल्यगुण काढून बाजारात विकायची सोय आली. मुरलेल्याला एका कुपीतून कमी गुण मिळतील आणि नवख्याला जास्त, इतकी काळजी घेतली होती. तरीही 'मी दहा वर्षं आहे' या वाक्याचं वजन त्या दिवशी घटलं.

ताशा वाजवणारे

नाशिकच्या ढोलपथकात सरावाला गेलेल्याला हे सांगायला नको: ढोल कमरेला बांधायला पन्नास जण तयार असतात, ताशाला मोजके. ताशा अवघड, आणि त्याची चूक सगळ्यांना ऐकू जाते. पण ताशाच्या तालावर पथक चालतं. चांगल्या ताशावाल्याला दुसऱ्या पथकांतूनही बोलावणी येतात.

नोव्हेंबर २००४ च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने आणि त्याच्यासारख्या बहुतेक गेमनी पाच जणांचा गट असाच बांधला. एक टँक, जो मार अंगावर घेतो. एक हीलर, जो जखमा भरतो. तीन मारेकरी. मारेकरी व्हायला सगळे तयार. टँक आणि हीलर ताशासारखे, कारण त्यांची चूक झाली की सगळे मरतात. या टंचाईभोवती त्या गेमचा समाज फिरतो. गिल्ड, म्हणजे खेळाडूंचे संघ, टँकची मनधरणी करतात. मारेकरी तासभर वाट बघतात. एप्रिल २०११ मध्ये ज्या भूमिकेची टंचाई असेल तिला जादा बक्षीस देण्याची पद्धतही आणावी लागली.

मी तिथे हीलर होतो. २००८ च्या सुमाराला आमच्याकडे भारनियमन जोरात होतं आणि इन्व्हर्टर नव्हता. ऐन मोहिमेत वीज गेली. चाळीस मिनिटांनी परत आलो तर चौघे तिथेच गुहेत बसलेले, माझी वाट बघत. मला भरून आलं होतं. आज हिशेब कळतो, दुसरा हीलर शोधायला त्यांना चाळीस मिनिटांपेक्षा जास्त लागली असती. पण त्या चाळीस मिनिटांत ते चौघे एकमेकांशी बोलले, मी परत आल्यावर नाशिक कुठे आहे आणि वीज का जाते हे त्यांनी विचारलं, आणि त्यातल्या दोघांशी माझी मैत्री अजून आहे.

डिसेंबर २००९ मध्ये डंजन फाइंडर आला. बटण दाबा, यंत्र वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण जुळवून थेट गुहेत सोडतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका पात्राला दोन भूमिका ठेवून त्या सहज बदलण्याची सोयही मिळाली होती. २०१० मध्ये पुन्हा एकदा वीज गेली, पाच मिनिटांत परत आली, आणि माझ्या जागी दुसरा हीलर उभा होता. कुणी वाईट वागलं नव्हतं. मी पुन्हा कधी त्यांना भेटणार नव्हतो, तेही मला नाही, कारण आम्ही एका सर्व्हरचे नव्हतोच. तासभर ओरडून गट जमवण्यापेक्षा हे सोयीचं होतं यात वाद नाही, आणि नोकरी लागल्यावर मीही तेच बटण दाबत होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने जुनी आवृत्ती क्लासिक नावाने परत आणली, ती मात्र या बटणाशिवाय. चाहत्यांचा आग्रहच तसा होता.

मग प्रश्न येतो की गरज काढून टाकली तर समाज मरतोच का? तसं सरसकट म्हणता येणार नाही. फायनल फँटसी फोर्टीनच्या २०१३ च्या आवृत्तीत एकाच पात्राला सगळे पेशे शिकता येतात. हातातलं हत्यार बदललं की पेशा बदलतो. माझ्या तर्काने तो समाज कोरडा हवा होता, पण तो प्रेमळ म्हणून ओळखला जातो. मला त्याची दोन कारणं दिसतात. जुनाट, सोप्या गुहांमध्येही मुरलेल्यांनी जावं म्हणून रोजचं बक्षीस आहे, त्यामुळे नवख्याला कायम सोबत मिळते. आणि गटात कुणी ती गुहा पहिल्यांदा बघत असेल तर सर्वांनाच जादा फळ मिळतं. पुन्हा तोच शिकवण्याचा नियम, वेगळ्या कपड्यांत. ऑगस्ट २०१२ च्या गिल्ड वॉर्स टू ने तर शेजारच्याची धास्तीच काढून टाकली: लूट प्रत्येकाला आपापली, झाड-खाण प्रत्येकाची आपापली, आणि पडलेल्याला कुणीही उठवू शकतो. तिथे अनोळखी माणूस दिसला की बरं वाटतं. मैत्री मात्र फारशी होत नाही, असा माझा अनुभव. मदत करून लोक पुढे जातात, नाव विचारत नाहीत.

माझा भाचा गंगापूर रोडला राहतो, नववीत आहे, आणि रूनस्केपची जुन्या धाटणीची आवृत्ती फोनवर खेळतो. दिवाळीत तो आला तेव्हा आम्ही दोघं ड्रेनॉरला गेलो. झाडं तीच आहेत, नियम थोडा बदललाय. पूर्वी झाड कुणाच्याही हातून पडलं तरी सगळ्यांसाठी पडायचं, म्हणून नवा माणूस आला की कपाळावर आठी यायची. जून २०२३ पासून एकाच झाडावर जितके जास्त जण असतील तितकं प्रत्येकाचं कौशल्य तेवढ्यापुरतं वाढतं, आणि पहिल्याच ओंडक्याला झाड कोसळतही नाही.

आम्ही तोडत होतो तेवढ्यात तिसरा कुणी येऊन आमच्याच झाडाला लागला.

"मामा, हा इथे कशाला आला? ती बाजूची झाडं रिकामीच आहेत की."

मी त्याला नियम सांगितला. तो जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्याने त्या माणसाला कुठला म्हणून विचारलं. तो फिलिपिन्सचा निघाला. तिकडे मुसळधार पाऊस चालू होता. नाशिकला थंडी पडायला लागलीय, असं भाच्याने कळवलं.